संत गोन्सालो गार्सिया : चरित्रसाधनांची छाननी

वसई म्हटली कीं आमच्या वाचकांस चिमाजी आप्पांची १७३९ ची मोहीम आठवते. तिच्या १४२ वर्षें आधीं, ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं, ह्याच वसईस जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानांत नागासाकी येथें क्रुसावर बांधला जाऊन भाल्यांनीं मारला गेला. पोप नववे पायस यांनीं ८ जून १८६२ रोजीं त्यास व त्याच्या पंचवीस सोबत्यांस संतपद दिलें. त्याचीं चरित्रें भक्तिभावानें लिहिलीं गेलीं; साधनांची पारख मात्र त्यांत क्वचितच आढळते.

मुख्य साक्षी दोन, आणि त्या परस्परविरुद्ध पक्षांच्या आहेत. जेसुइट लुइश फ्रोइश यानें घटनेनंतर थोड्याच आठवड्यांत नागासाकीहून वृत्तांत लिहिला व त्याच सालीं तो वारला. मार्सेलो दे रिबादेनेइरा हा त्या वेळीं जपानांत असलेला फ्रान्सिस्कन. त्याचा ग्रंथ १६०१ सालीं बार्सेलोना येथें छापला गेला. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८५ सालीं जपानचें धर्मकार्य एकट्या जेसुइटांकडे सोंपविलें होतें. असें असतां १५९३ त फ्रान्सिस्कन हे मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराचे वकील म्हणून तेथें शिरले. गोन्सालो त्यांचा दुभाषी होता. ही जपानी भाषा तो पूर्वीं जेसुइटांच्याच चाकरींत असतां शिकला होता! दोन्ही पंथांच्या लेखकांस हें अवघड वाटलें असल्यास नवल नाहीं.

ऑक्टोबर १५९६ मध्यें 'सान फेलिपे' हें स्पॅनिश गलबत तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें आणि जपानचा सत्ताधीश हिदेयोशी यानें त्यावरील मौल्यवान माल जप्त केला. पुढील अनर्थ कोणामुळें झाला? जेसुइट म्हणतात, आमचा राजा आधीं पाद्री व मागून सैन्य पाठवितो अशी बढाई गलबताच्या सुकाणूवाल्यानें मारली. फ्रान्सिस्कन म्हणतात, पोर्तुगीजांनीं हिदेयोशीचे कान भरले. वादी-प्रतिवादींनीं एकमेकांवर केलेला आरोप निवाड्यास पुरा पडत नाहीं, हें महजर वाचणारांस सांगावयास नको. परंतु क्योतोंत डाव्या कानाची पाळी कापणें, ऐन हिंवाळ्यांतील सुमारें महिन्याची धिंड आणि सव्वीस जणांचा वध, ह्या गोष्टींत वैरी एकमत आहेत. म्हणून त्या आम्ही निःशंक मानतों.

जन्मकथेचें तसें नाहीं. बाप पोर्तुगीज व आई 'कानारीं' अशी सांगण्याची वहिवाट आहे. कांहीं जण दोघेंही एतद्देशीय ठरवितात. 'कानारीं' शब्दावरून कानडी मुलखाकडे धांव घेणें चुकीचें होय, कारण सोळाव्या शतकांतील पोर्तुगीज गोव्याच्या व कोंकणच्या रहिवाशांस त्याच नांवानें ओळखीत. उलट, 'गार्सिया' ह्या नांवावरून बापाची जात ठरविणेंही तितकेंच पोकळ आहे. वसई १५३४ त पोर्तुगीजांकडे गेल्यापासून बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नांवें मिळत होतींच. पुढील चरित्रकारांनीं ह्या एका शब्दावर घराणीं उभारलीं आहेत. गोन्सालोस वसईचा म्हणण्यास आमची हरकत नाहीं. अमुक ज्ञातीचा म्हणावयाचें असल्यास मात्र 'कानारीं' शब्दापलीकडचा समकालीन कागद पुढें आणावा लागेल.