'संकलित' या शब्दाआड

धर्मग्रामाच्या पत्रिकेत एखादा सुंदर उतारा छापलेला असतो आणि त्याखाली एकच शब्द असतो, 'संकलित'. लेखक कोण, हे संपादकाला ठाऊक नसते. त्याला विचारावे, असेही कोणाला सुचत नाही. विचार चांगला आहे, पत्रिका विनामूल्य आहे, मग बिघडले कुठे? या प्रश्नाचे उत्तर एका कवितेच्या प्रवासात सापडते.

मॅक्स एरमन हे अमेरिकेतील इंडियाना राज्यातले वकील. पुढे पेशा सोडून त्यांनी लेखनाला वाहून घेतले. १९२७ साली त्यांनी 'डेसिडेराटा' ही गद्यकविता लिहिली. 'ज्यांची आस धरावी अशा गोष्टी' हा त्या लॅटिन शब्दाचा अर्थ. १९४५ साली ते निवर्तले, तेव्हा ही रचना फारशी कोणाला ठाऊक नव्हती. १९४८ साली त्यांच्या पत्नीने त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध केला.

त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी बाल्टिमोर येथील सेंट पॉल्स या एपिस्कोपल चर्चचे धर्मगुरू रेव्हरंड फ्रेडरिक केट्स यांनी आपल्या भाविकांसाठी काही चिंतनपर मजकूर चक्रमुद्रित केला. त्यात ही कविता होती. कागदाच्या माथ्यावर चर्चचे नाव आणि त्याच्या स्थापनेचे साल होते, १६९२. हेतू निर्मळ होता. परंतु कागद हातोहात फिरला, पुनःपुन्हा छापला गेला आणि कवीचे नाव गळून पडले. उरले ते साल. मग ही कविता १६९२ साली जुन्या चर्चमध्ये सापडली, अशी आख्यायिका जगभर पसरली.

येथे हानी केवळ कवीची झाली नाही, वाचकाचीही झाली. देवाची ज्याने त्याने आपापल्या परीने कल्पना करावी, अशी मुभा या कवितेत आहे. सतराव्या शतकातील चर्चच्या भिंतीआड असे वचन कोणी लिहिले असते काय? ती विसाव्या शतकातील, श्रद्धा आणि संशय यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या माणसाची वाणी आहे. नाव व काळ पुसले की हा संघर्ष दिसेनासा होतो आणि प्रामाणिक धडपडीचे रूपांतर निर्जीव सुभाषितात होते. शब्दही सुरक्षित राहिले नाहीत. शेवटी कवीने प्रसन्न राहण्यास सांगितले होते. अनेक प्रतींत तेथे सावध राहण्याचा उपदेश आला. इंग्रजीत दोन-तीन अक्षरांचा फरक, परंतु आनंदाच्या जागी भय येऊन बसले. मूळ लेखकाला विचारणारा कोणी नसला की चूक दुरुस्त करणाराही कोणी उरत नाही.

याचा शेवट न्यायालयात झाला. ज्यांच्याकडे या कवितेचे हक्क आले होते, त्यांनी विनापरवाना छापणाऱ्यांविरुद्ध दावा लावला. १९७६ साली तो फेटाळला गेला. महायुद्धाच्या काळात एका डॉक्टरांनी कवीची अनुमती घेऊन रुग्णांना प्रती वाटल्या होत्या, पण त्यांवर हक्काची नोंद नव्हती. औदार्याने दिलेले दानच अखेर दात्याच्या विरुद्ध पुरावा ठरले.

कोणी म्हणेल, संत फ्रान्सिस यांच्या नावाने आपण म्हणतो ती शांतीची प्रार्थनाही निनावीच आहे. खरे आहे. ती १९१२ साली पॅरिसच्या एका लहान मासिकात लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली आणि पुढे संतांच्या चित्रामागे छापली गेल्याने त्यांची मानली गेली. परंतु तेथे नाव मुळातच छापलेले नव्हते. स्वतः निनावी राहणे ही नम्रता होय. दुसऱ्याला निनावी करणे ही नम्रता नव्हे.

आपल्या देशाचा १९५७ चा कायदा लेखकाने हक्क विकले तरी आपले नाव सांगण्याचा आणि विकृतीला हरकत घेण्याचा त्याचा अधिकार राखून ठेवतो. सातवी आज्ञा तर त्याहून जुनी आहे. पत्रिकेचे काम पाहताना मीही 'संकलित' हा शब्द निःशंक मनाने वापरला आहे, म्हणून हे लिहिताना बोट प्रथम माझ्याकडेच वळते.

लेखकाला दोन ओळींचे पत्र लिहावे. उत्तर न आल्यास मजकूर छापू नये. पान रिकामे राहिले तरी चालेल. वेदीवर ठेवायचे फूल शेजाऱ्याच्या अंगणातले असेल, तर आधी त्याचे दार ठोठवावे.