स्पर्धेसाठी धुतलेली बोली

दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेसारखी संस्था कोल्हापुरातून या भागातल्या लेखकांच्या ग्रंथांना पुरस्कार देते, ही मोलाची गोष्ट आहे. पुण्यामुंबईच्या दाराशी ताटकळण्यापेक्षा आपल्या माणसांनी पारखलेले बरे. पण परीक्षक जवळचा असला म्हणून लेखकाची भीती जातेच, असे नाही.

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. गुण मोजण्याची सवय मात्र मास्तरकीत लागली. मागे एका प्रादेशिक स्पर्धेला कादंबरी पाठवताना माझ्याच हाताने मी तिचे निवेदन प्रमाण भाषेत धुऊन काढले. बोली उरली ती संवादांत, पानात मीठ वाढावे तेवढी.

नंतर आनंद यादवांची १९७१ सालची ‘गोतावळा’ पुन्हा वाचली. यादव मूळचे आमच्या कागलचे. ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात, आणि हे सारे नारबा गडी आपल्याच बोलीत सांगतो. ते निवेदन प्रमाण भाषेत घातले, तर त्याचे दुःख मालकाच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटेल. माझ्या कादंबरीचे नेमके तेच झाले होते.

बक्षीस मिळाले नाही, ते योग्यच झाले. मूळ वही अजून ट्रंकेत आहे. यंदा तीच पाठवीन; परीक्षकांनी हवे तर नापास करावे.