ग्रीक स्तंभ आणि नागरी सभा : मुंबईच्या टाउन हॉलचा पुनर्विचार

आधुनिक समाजावरील ग्रीक वास्तुकलेच्या प्रभावाची चर्चा बहुधा एका गृहीतकावर उभी असते. ग्रीस ही लोकशाहीची जन्मभूमी, म्हणून ग्रीक स्तंभ हे लोकशाहीचे चिन्ह, असे ते गृहीतक होय. मुंबईच्या टाउन हॉलच्या संदर्भात ते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुळात अथेन्सच्या नागरिकांची सभा प्नीक्स टेकडीवर उघड्या आकाशाखाली भरत असे. तेथे स्तंभांची रांग नव्हती. पार्थेनॉन (इ. स. पू. 447 ते 432) हे अथीना देवीचे मंदिर, त्याच्या दर्शनी बाजूचे आठ डोरिक स्तंभ देवतेच्या निवासाची भव्यता सांगतात, सभेची नव्हे. शिवाय स्त्रिया आणि गुलाम यांना त्या सभेतही स्थान नव्हते.

कर्नल थॉमस कूपर यांच्या आराखड्यानुसार मुंबईचा टाउन हॉल 1833 मध्ये पूर्ण झाला. तीस पायऱ्या चढून गेल्यावर आठ डोरिक स्तंभांची दर्शनी ओसरी लागते. नाव नगरसभागृहाचे, रूप मात्र देवालयाचे. या वास्तूत असलेल्या एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय सभासद माणकजी कर्सेटजी हे 1840 मध्ये झाले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय अध्यक्ष झाले ते 1892 मध्ये. या दोन घटनांमध्ये अर्धशतकाहून अधिक अंतर आहे. त्याच पायऱ्यांवरून 1 नोव्हेंबर 1858 रोजी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचण्यात आला. खाली उभ्या असलेल्या प्रजेने तो ऐकायचा होता, त्यावर मत द्यायचे नव्हते. उंच जोते आणि दर्शनी स्तंभ यांची रचना अशा प्रसंगाला किती सोयीची असते, हे येथे स्पष्ट होते.

हा प्रभाव ग्रीकांचा की सत्तेचा, या प्रश्नाचे उत्तर कार्ल्याच्या चैत्यगृहात मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेण्यातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दान दिल्याचे शिलालेख सांगतात. हे दाते वंशाने ग्रीक होते किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत. परंतु त्यांनी दिलेले स्तंभ घटाकृती तळाचे, घंटाकृती शीर्षाचे, वर प्राणी आणि स्वार असलेले, म्हणजे सर्वस्वी येथल्या परंपरेतील आहेत. यवन म्हणविणाऱ्यांनी येथे ग्रीक स्तंभ उभारला नाही; तो अठराशे वर्षांनंतर इंग्रजांनी उभारला. त्यांनीही पुढे 1860 नंतर मुंबईत गॉथिक शैलीची कास धरली, तेव्हा ग्रीक रूपावरील निष्ठाही फारशी खोल नसावी.

विदर्भात अभिजात युरोपीय परंपरा उशिरा, पण ठळकपणे दिसते. हेन्री मेड यांनी आखलेली नागपूर उच्च न्यायालयाची घुमटाकार, सममित वास्तू 1940 मध्ये खुली झाली. त्याच सुमारास, देवळीहून वर्ध्यामार्गे सहज गाठता येणाऱ्या सेवाग्रामात गांधीजी माती, बांबू आणि कौलांच्या कुटीत राहत होते. 1936 मध्ये ते तेथे आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्रामच्या आश्रमाची प्रार्थनाभूमी उघडी आहे. तिला जोते नाही, पायऱ्या नाहीत, स्तंभही नाहीत. वास्तुशैलींच्या अभ्यासक्रमात या जागेचा उल्लेख क्वचितच येतो. प्नीक्स टेकडीशी तुलना करावयाची झाल्यास मात्र टाउन हॉलपेक्षा हीच जागा अधिक जवळची ठरते.