अभिनेत्रीचे वाचन : एलिझाबेथ रॉबिन्स आणि इब्सेनचा इंग्रजी रंगमंच

इब्सेनची नाटके इंग्रजी रंगभूमीवर कशी आली, याचा इतिहास बहुधा पुरुषांच्या नावांनी सांगितला जातो. भाषांतरकार विल्यम आर्चर आणि एडमंड गॉस, ‘द क्विन्टेसन्स ऑफ इब्सेनिझम’ (१८९१) लिहिणारा बर्नार्ड शॉ, ‘इंडिपेंडंट थिएटर’चा संस्थापक जे. टी. ग्राइन ही ती नावे होत. या इतिहासात अभिनेत्री येते ती प्रयोगाच्या तपशिलात. अमुक भूमिका अमुक बाईने केली, एवढ्यापुरती. संहितेचा अर्थ लेखकाने निर्माण करावा, समीक्षकाने उलगडावा आणि नटीने केवळ वाहून न्यावा, अशी श्रमविभागणी या मांडणीत गृहीत धरलेली असते. एलिझाबेथ रॉबिन्स (१८६२–१९५२) या अमेरिकन अभिनेत्रीची लंडनमधील कारकीर्द या गृहीतकाला छेद देणारी आहे. भूमिका करणे ही वाचनाची आणि म्हणून अर्थनिर्णयनाची कृती असू शकते काय, आणि असल्यास त्या अर्थाचे कर्तृत्व कोणाचे, हे दोन प्रश्न तिच्या कारकिर्दीच्या केंद्रस्थानी आहेत.

केंटकी राज्यातील लुइव्हिल येथे जन्मलेल्या रॉबिन्सचे शिक्षण ओहायोतील झेन्सव्हिल येथे आजीच्या देखरेखीखाली झाले. मुलीने वैद्यकाकडे वळावे अशी वडिलांची इच्छा होती. ती नाटकाकडे वळली. फिरत्या कंपन्यांतून काम करीत ती बॉस्टनला पोहोचली. जॉर्ज पार्क्स या नटाशी १८८५ साली झालेला विवाह १८८७ मध्ये त्याच्या आत्महत्येने संपला. पुढे एडविन बूथ आणि लॉरेन्स बॅरेट यांच्या कंपनीत तिने दौरे केले. १८८८ मध्ये नॉर्वेचा प्रवास करून ती लंडनला आली आणि तेथेच राहिली. हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. वयाच्या सव्विसाव्या वर्षी लंडनमध्ये उतरलेल्या या स्त्रीपाशी व्यवसायाचा अनुभव होता, पण पाठीशी कोणतेही घराणे, कोणतीही कंपनी किंवा कोणताही पुरुष आश्रयदाता नव्हता. तिचे परकेपण ही तिची अडचण होती; पुढे तेच तिचे बळ ठरले.

तत्कालीन लंडनची प्रतिष्ठित रंगभूमी नटव्यवस्थापकांच्या हाती होती. लायसियममध्ये हेन्री आयर्व्हिंग, हेमार्केटमध्ये बीअरबोम ट्री आणि नव्वदीच्या आरंभापासून सेंट जेम्समध्ये जॉर्ज अलेक्झांडर यांचे राज्य होते. नाटक निवडणारा, त्यात पैसा घालणारा, तालमी घेणारा आणि मुख्य भूमिका करणारा पुरुष एकच असल्यामुळे नाटकाचा गुरुत्वमध्य आपोआप त्याच्या भूमिकेत राही. स्त्रीभूमिका या नायकाला उठाव देण्यापुरत्या असत. या पार्श्वभूमीवर जून १८८९ मध्ये नॉव्हेल्टी थिएटरात जॅनेट अचर्चने ‘अ डॉल्स हाऊस’मधील नोरा उभी केली. त्या प्रयोगाचा परिणाम रॉबिन्सवर झाला तो प्रथमतः वैचारिक नव्हता, व्यावसायिक होता. कारागिराला नवे हत्यार दिसावे तसे तिला हे नाटक दिसले. इतके काही करावयास लावणारी भूमिका स्त्रीच्या वाट्याला येऊ शकते, हा तो शोध होता. स्त्रीमुक्तीची जाणीव तिच्यात अगोदर होती आणि म्हणून ती इब्सेनकडे वळली, असा क्रम लावणे सोयीचे असले तरी तो खरा नाही. भूमिकेच्या शोधातून ती इब्सेनपाशी आली आणि इब्सेनच्या भूमिका करता करता त्या जाणिवेपाशी पोहोचली.

२० एप्रिल १८९१ रोजी व्हॉडव्हिल थिएटरात झालेला ‘हेडा गॅब्लर’चा प्रयोग या दृष्टीने निर्णायक होय. मॅरियन ली या दुसऱ्या अमेरिकन अभिनेत्रीच्या भागीदारीत रॉबिन्सने तो स्वतः उभा केला. ती स्वतः हेडा झाली आणि लीने थेआची भूमिका केली. प्रारंभी दुपारच्या मोजक्या प्रयोगांपुरता मर्यादित असलेला हा उपक्रम पुढे संध्याकाळच्या नियमित प्रयोगांपर्यंत गेला. गॉसचे भाषांतर रंगमंचावर जसेच्या तसे बोलता येण्याजोगे नव्हते. आर्चरची मदत घेऊन प्रयोगाची संहिता तयार करावी लागली, आणि नॉर्वेजियन शिकलेली रॉबिन्स या कामात केवळ श्रोती नव्हती. नटव्यवस्थापकांच्या लंडनमध्ये दोन परदेशी स्त्रियांनी नाटक निवडले, त्यासाठी पैसा उभा केला, संहितेवर संस्कार केले आणि पात्रयोजना ठरवली. अर्थनिर्मितीची साधने हाती असल्याखेरीज अर्थनिर्णयनाचे स्वातंत्र्य मिळत नाही, हे या घटनेवरून स्पष्ट होते.

हेडा ही भूमिका वाचनाचा प्रश्न तीव्रतेने उपस्थित करते. अनेक समकालीन समीक्षकांना हेडा विकृत, अनाकलनीय, जवळजवळ पशुवत वाटली. हेन्री जेम्ससारख्या चोखंदळ वाचकाने मात्र याच प्रयोगाच्या निमित्ताने १८९१ मध्ये निबंध लिहून इब्सेनविषयीच्या आपल्या आकलनाची फेरमांडणी केली. संहिता छापील स्वरूपात उपलब्ध असताना ती प्रयोगात पाहिल्यावर अधिक उलगडावी, याचा अर्थ प्रयोगाने तिच्यात काही भर घातली होती, किंवा तिच्यात असलेले पण वाचनात न लाभणारे काही दृश्य केले होते. हे ‘काही’ कोणते, याचे उत्तर रॉबिन्सने पुढे ‘इब्सेन अँड द ॲक्ट्रेस’ (१९२८) या छोट्या पुस्तिकेत दिले. व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांच्या होगार्थ प्रेसने प्रसिद्ध केलेली ही पुस्तिका नाट्यसमीक्षेत जितकी वाचली जावयास हवी तितकी वाचली गेलेली नाही.

तिच्या प्रतिपादनाचा गाभा दोन मुद्द्यांत सांगता येईल. पहिला मुद्दा असा, की हेडा ही अपवादात्मक स्त्री नसून परिचित स्त्री आहे. कर्तृत्वाला वाव नसलेल्या सुखवस्तू घरात कुजत चाललेली ऊर्जा पुरुष समीक्षकांना विकृती वाटली, कारण आपल्याच घरात ती त्यांनी ओळखली नव्हती. प्रेक्षागृहातील स्त्रियांना मात्र ती ओळखू आली. दुसरा मुद्दा अधिक सैद्धांतिक आहे. इब्सेन नटाशी सहकार्य करतो, असे रॉबिन्स म्हणते. तो पात्राला संपूर्ण शब्दबद्ध करीत नाही. उच्चारित वाक्याच्या मागे एक अनुच्चारित भाग राखून ठेवतो आणि तो भाग नटाच्या देहाने, स्वराने, विरामाने पूर्ण व्हावा अशी त्याची योजना असते. वाचकाने भरावयाच्या रिक्त जागांची चर्चा साहित्यसिद्धांतात पुढे कितीतरी वर्षांनी रूढ झाली. रॉबिन्सपाशी ती परिभाषा नव्हती. परंतु रंगमंचाच्या अनुभवातून ती त्याच प्रश्नाशी पोहोचली होती, आणि तिच्या मांडणीत एक अधिक अंग होते. तिच्या वाचकाला देह आहे, आणि तो देह स्त्रीचा आहे.

या प्रतिपादनाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. प्रयोगानंतर जवळजवळ सदतीस वर्षांनी, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतून गेलेल्या लेखिकेने केलेले हे स्मरण आहे. १९२८ मधील रॉबिन्सने १८९१ मधील हेडाचा अर्थ काही अंशी मागाहून घडविला असणे शक्य आहे. शिवाय ती इब्सेनला सहकारी म्हणते तेव्हा लेखकाचे श्रेष्ठत्व नाकारीत नाही. उलट अशी जागा सोडणारा लेखक म्हणूनच तो तिला थोर वाटतो. अभिनेत्रीचे स्वातंत्र्य हे लेखकाचे दान ठरण्याचा धोका या भूमिकेत आहे. हा अंतर्विरोध तिने सोडवला नाही. तथापि तिच्या पुढच्या लेखनात तोच निराळ्या रूपांत पुन्हापुन्हा अवतरतो.

२८ एप्रिल १८९३ रोजी ग्राइनच्या इंडिपेंडंट थिएटरने रंगमंचावर आणलेले ‘ॲलन्स वाइफ’ हे नाटक याचे लक्षणीय उदाहरण आहे. एलिन अमीन या स्वीडिश लेखिकेच्या कथेवर आधारलेले हे नाटक रॉबिन्स आणि फ्लॉरेन्स बेल यांनी मिळून लिहिले; पण कर्त्यांची नावे जाहीर केली नाहीत. धडधाकट नवरा कारखान्यातील अपघातात गमावलेली जीन क्रीक ही श्रमिक स्त्री, अपंग जन्मलेल्या आपल्या मुलाचा जीव घेते. तुरुंगातील अखेरच्या प्रवेशात तिला कारण विचारले जाते आणि ती बराच काळ बोलत नाही. छापील संहितेत तिच्या नावापुढे काही वाक्ये आहेत, परंतु ती उच्चारावयाची नाहीत. मूक राहून ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचवावयाची आहेत. इब्सेनच्या संवादामागे दडलेला अनुच्चारित भाग येथे स्वतः संवादाची जागा घेतो. जीनची भूमिका रॉबिन्सनेच केली होती. म्हणजे एका अर्थाने लेखिकेने अभिनेत्रीसाठी अशी संहिता लिहिली, की जी अभिनेत्रीवाचून अस्तित्वातच येऊ शकत नाही. न्यायसंस्था, धर्मसंस्था आणि आई या तिघांनी मागितलेले स्पष्टीकरण नाकारणारे हे मौन शरणागतीचे नाही. उपलब्ध भाषेत आपले कृत्य बसत नाही, याची ती नोंद आहे.

जे नाटक रंगमंचावर स्वतः वठविले त्याच्या मुखपृष्ठावर नाव मात्र घालावयाचे नाही, ही निवड केवळ संकोचाची म्हणून सोडून देता येत नाही. कादंबरीकार म्हणूनही रॉबिन्स दीर्घ काळ सी. ई. रेमंड या टोपणनावाने वावरली. त्याच नावाने लिहिलेल्या ‘जॉर्ज मँडव्हिल्स हजबंड’ (१८९४) या कादंबरीत तिने पुरुषी टोपणनाव धारण करणाऱ्या, स्वतःला प्रतिभावंत समजणाऱ्या एका लेखिकेची निर्दय टर उडवली आहे. लेखिकेची चेष्टा करणारी लेखिका स्वतः पुरुषाच्या नावामागे उभी आहे, हा उपरोध तिच्या ध्यानात आला नसेल असे मानणे कठीण आहे. ‘द ओपन क्वेश्चन’ (१८९८) या कादंबरीनंतर हे गुपित फुटले. नटीचे नाव ही प्रेक्षकांची मालमत्ता असते. तिच्या लेखनाकडे नटीचे लेखन म्हणूनच पाहिले जाते, अशा काळात अनामिकता हे संरक्षण होते. पण त्याची किंमतही होती. स्वतःच्या कर्तृत्वाचा पुरावा स्वतःच पुसण्याची ती पद्धत होती, आणि इतिहासाने तिला तळटीपेत ढकलले यात या पुसण्याचाही वाटा आहे.

१८९३ मध्ये ‘द मास्टर बिल्डर’मधील हिल्डा, १८९६ मध्ये ‘लिटल आयॉल्फ’मधील आस्टा आणि १८९७ मध्ये ‘जॉन गेब्रिएल बोर्कमन’मधील एला रेंटहाइम अशा भूमिका केल्यानंतर १९०२ च्या सुमारास रॉबिन्स रंगमंचावरून निवृत्त झाली. चाळिशीत आलेल्या समर्थ अभिनेत्रीने रंगभूमी सोडावी, याला पराभव म्हणावे की स्थलांतर? व्यवस्थेच्या दृष्टीने तो पराभवच होता. स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या कायम स्वरूपाच्या रंगभूमीचे तिचे स्वप्न साकार झाले नाही, आणि नटव्यवस्थापकांच्या दारात उभे राहण्याची तिची तयारी नव्हती. परंतु ९ एप्रिल १९०७ रोजी कोर्ट थिएटरात ग्रॅनव्हिल बार्करच्या दिग्दर्शनाखाली आलेल्या तिच्या ‘व्होट्स फॉर विमेन!’ या नाटकाकडे पाहता स्थलांतराची कल्पना अधिक यथार्थ वाटते. या नाटकाचा दुसरा अंक म्हणजे ट्रॅफल्गर चौकातील जाहीर सभा. दिवाणखान्यात कोंडलेली हेडा जे कधीच करू शकली नाही, ते येथे व्हायडा लेव्हरिंग करते. ती चौकात उभी राहून बोलते. मात्र तिच्या बोलण्याचे बळ तिच्या खाजगी दुःखातून आलेले आहे, आणि ते दुःख ती आपल्या पूर्वीच्या प्रियकराकडून, आता संसद सदस्य असलेल्या स्टोनरकडून, मताधिकाराला पाठिंबा मिळविण्यासाठी वापरते. व्यक्तिगत दुःखाचे असे राजकीय चलन करणे नैतिक आहे काय, हा प्रश्न प्रचारनाट्याने विचारू नये असा असतो. रॉबिन्स तो विचारते, आणि त्यामुळेच हे नाटक प्रचाराच्या कक्षेबाहेर जाते. त्याच कथावस्तूवर तिने ‘द कन्व्हर्ट’ (१९०७) ही कादंबरी लिहिली, आणि १९०८ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री-लेखकांच्या मताधिकार संघटनेची ती पहिली अध्यक्ष झाली.

गेल्या शतकाच्या अखेरीस स्त्रीवादी समीक्षेने रॉबिन्सचे पुनर्मूल्यमापन केले. जोआन गेट्स (१९९४) आणि अँजेला जॉन (१९९५) यांची चरित्रे त्यातूनच आली. हे कार्य मोलाचे आहे. पण पुनर्वसनाच्या उत्साहात तिला सलग, निर्विवाद बंडखोर नायिका बनविण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्या अंतर्विरोधांचा वर निर्देश केला, ते काढून टाकल्यास एक प्रतीक उरेल आणि वाचक म्हणून असलेली रॉबिन्स हरवेल.

मराठी नाट्यसमीक्षेलाही हा प्रश्न परका नाही. ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) किंवा ‘कुलवधू’ (१९४२) यांची चर्चा करताना इब्सेनी तंत्र, एकप्रवेशी अंक, स्वगतांचा त्याग, ब्योर्नसनचा आधार, नोराचे सावट हे मुद्दे तत्परतेने येतात. ही सर्व चर्चा नाटककाराच्या बाजूने होते. दोन्ही नाटकांतील प्रमुख स्त्रीभूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केल्या, ही नोंद आढळते. पण त्या भूमिकांचे त्यांनी केलेले वाचन हा समीक्षेचा विषय क्वचितच झाला आहे. बिंबा आणि भानुमती यांना त्यांनी कोणता अर्थ दिला, घराचा उंबरठा ओलांडणारी स्त्री रंगमंचावर प्रथम कशी उभी राहिली, हे प्रश्न संगीताच्या कौतुकात विरून गेले. प्रयोग नष्ट होतो आणि संहिता उरते, हे याचे नेहमीचे समर्थन. रॉबिन्सची पुस्तिका या समर्थनाला उत्तर देते. प्रयोग नष्ट झाला तरी त्यामागचे वाचन नष्ट होत नाही. ते आठवणींत, तालमींच्या नोंदींत, बदललेल्या शब्दांत आणि समीक्षकांच्या गैरसमजांतही शिल्लक असते. ते शोधून काढण्याची जबाबदारी समीक्षेची आहे. ती टाळली, तर नाटकाचा इतिहास हा अर्ध्याच वाचकांचा इतिहास राहील.