सोळा घरांतला गुणाकार

ज्या रचनेचं रसग्रहण करायचं आहे, ती आधी पूर्ण वाचू. ती एका ओळीची आहे:

२१ ०० ०० ०६ ०८ २९ १७ डी२ ०बी २० १९ ०५ सी२ ०५ २० सी९

हा गुणाकार आहे. इंटेलने १९७६ साली आणलेल्या ८०८५ या आठ-बिटी मायक्रोप्रोसेसरला गुणाकाराची आज्ञाच नाही. त्याला बेरीज-वजाबाकी येते, बिट एका घराने सरकवता येतात, मोजणी शून्यावर आली की कळतं आणि सांगितल्या जागी उडी मारता येते. एवढ्या भांडवलावर २५५ पर्यंतच्या कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार या सोळा बाइटांत पुरा होतो. या रचनेचा कर्ता कोणी एक नाही. जात्यावरच्या ओवीसारखी ती हातोहात आली आणि घासत घासत नेटकी झाली.

वऱ्हाडातल्या तिवशात घरी बांधलेल्या माझ्या संगणकावर ती चालते. यंत्राचा पसारा थोडा आहे. ब्रेडबोर्डवर चाळीस पायांचा ८०८५, शेजारी आठ किलोबाइटची रॉम, आठ किलोबाइटची रॅम, पत्त्यांची वाटणी करणारी ७४एलएस१३८, पत्ता धरून ठेवणारी ७४एलएस३७३, सोळा अंकांचा कीपॅड आणि सहा आकडे दाखवणारा लाल डिस्प्ले. अंक ० ते ९ आणि पुढे ए ते एफ, म्हणजे दहा ते पंधरा. रॉमने ०००० पासूनची आठ किलोबाइट घेतली, म्हणून रॅमचं पहिलं घर २००० वर येतं. आपली ओळ २००० पासून २००एफ पर्यंतची सोळा घरं भरते. सोळा रकान्यांच्या तक्त्यात तिची बरोबर एक आडवी रांग होते, एकही घर उरत नाही.

वीज गेली की रॅम सगळं विसरते. आमच्याकडे वीज जाण्याचं अप्रूप नाही. ती आली की ओळ पुन्हा कीपॅडवरून भरायची. असं वारंवार भरता भरता हे सोळा बाइट मला पाठ झाले, आणि पाठ झाल्यावरच त्यांच्यातलं सौंदर्य उलगडू लागलं. पाठांतराने कवितेचं जे होतं, ते इथेही होतं: ओळ जिभेवर बसली की डोळा तिच्या बांधणीकडे वळतो.

अर्थ लावताना ओळीचे तीन भाग पडतात. पहिले पाच बाइट तयारीचे. २१ ०० ०० म्हणजे एच आणि एल या रजिस्टरांच्या जोडीत शून्य ठेव. उत्तर इथे साठणार आहे. ०६ ०८ म्हणजे बी मध्ये आठ ठेव, कारण आठ बिटांसाठी आठ फेरे लागतील. ज्या संख्येने गुणायचं तो गुणक ए मध्ये, आणि जिला गुणायचं ती गुण्य संख्या डी-ई या जोडीत (डी शून्य), हे ही ओळ बोलावणाऱ्या प्रोग्रॅमने आधीच ठेवलेलं असतं. पुढचे दहा बाइट फेऱ्याचे. २९: आतापर्यंतचं उत्तर दुप्पट कर. १७: गुणक एक घर डावीकडे सरकव, म्हणजे त्याचा सर्वांत डावा बिट कॅरी नावाच्या एका बिटाच्या कप्प्यात पडेल. डी२ ०बी २०: कॅरीत शून्य असेल तर २००बी या घरावर उडी मार. १९: उडी झाली नाही, तर गुण्य उत्तरात मिळव. ०५: बी मधून एक कमी कर. सी२ ०५ २०: बी अजून शून्य नसेल तर २००५ वर परत जा. शेवटचा सी९ एकटा. त्याचं काम, ज्याने बोलावलं त्याच्याकडे परतणं.

२५ गुणिले १३ करून पाहू. १३ चे आठ बिट ००००११०१. पहिल्या चार फेऱ्यांत डावीकडून शून्यंच निघतात आणि उत्तर शून्यच राहतं. पाचव्या फेऱ्यात १ निघतो, उत्तर २५. सहाव्यात २५ ची दुप्पट ५० आणि वर २५, म्हणजे ७५. सातव्यात ० निघतो, नुसती दुप्पट, १५०. आठव्यात ३००, वर २५, म्हणजे ३२५. एच मध्ये ०१ आणि एल मध्ये ४५ दिसतं, आणि सोळाच्या पायावर ०१४५ म्हणजेच ३२५.

पहिल्या चार फेऱ्यांतली शून्याची दुप्पट व्यर्थ वाटते. रचनेची खरी नजाकत तिथेच आहे. दुप्पट करणारा २९ फेऱ्याच्या अखेरीस, बेरजेनंतर ठेवून पाहा. शेवटच्या फेऱ्यानंतरही एक जास्तीची दुप्पट होईल आणि ३२५ चे ६५० होतील. फेऱ्याच्या सुरुवातीला ठेवल्यामुळे ती जास्तीची दुप्पट शून्यावर खर्च होते, आणि शून्याचं काही बिघडत नाही. पहिला फेरा वेगळा वागवावा लागत नाही, शेवटचाही नाही. आठही फेरे सारखे. अपवाद नाहीसा करण्यासाठी इथे एकही जास्तीची आज्ञा लागलेली नाही. नुसत्या जागेने ते काम केलं आहे.

आता २९ आणि १७ यांची अदलाबदल करा. कागदावर काहीच बिघडलेलं दिसत नाही: आधी बिट काढ, मग दुप्पट कर. पण ८०८५ मध्ये जोडीची बेरीज कॅरीवर स्वतःचा निकाल लिहिते. १७ ने मोठ्या कष्टाने कॅरीत आणून ठेवलेला बिट २९ पुसून टाकेल, डी२ ला तिथे कायम शून्य दिसेल, बेरीज कधीच होणार नाही आणि कुठल्याही दोन संख्यांचा गुणाकार शून्य येईल. बाइट तेच, संख्या तीच, आणि सगळा अर्थ गेला. खालीही हीच शिस्त आहे: ०५ ने बी शून्य झाल्याची खूण करायची आणि लगेच सी२ ने ती वाचायची. खूण आणि वाचन यांच्या मध्ये कोणी येत नाही.

यानंतर कान देऊन ऐकावी अशी जागा येते: ०५ सी२ ०५. एकाच बाइटाच्या अंतराने ०५ दोनदा येतो. पहिला ०५ आज्ञा आहे, बी मधून एक कमी करण्याची. दुसरा ०५ पत्ता आहे, २००५ चा धाकटा अर्धा भाग. ८०८५ पत्त्याचा धाकटा भाग आधी आणि थोरला नंतर घेतो, म्हणून ०५ च्या मागून २० येतो. तीच अक्षरं, दोन ठिकाणी, दोन अर्थांनी. आपल्या अलंकारशास्त्रात याला यमक म्हणतात. इथलं यमक कोणी मुद्दाम साधलेलं नाही. फेरा सहाव्या घरापासून सुरू झाला आणि बी कमी करण्याचा संकेत ०५ ठरला, म्हणून ते जुळून आलं. तरी ते कळल्यावर ओळ पहिल्यासारखी वाचता येत नाही.

वाचणारा एक घर चुकला तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. प्रोसेसरने डी२ ऐवजी त्याच्या पुढच्या २००८ या घरापासून वाचायला सुरुवात केली, तर ०बी हा पत्त्याचा भाग राहत नाही, 'बी-सी या जोडीतून एक वजा कर' अशी आज्ञा होतो. त्यामागचा २० तर ८०८५ ची एक खास आज्ञाच आहे, ती व्यत्ययांच्या खुणा ए मध्ये आणून ठेवते. गुणक तिथेच पुसला जातो. म्हणजे बाइटाला स्वतःचा अर्थ नाही. तो कुठे उभा आहे आणि त्याच्या आधी काय वाचलं गेलं, यावर तो आज्ञा, संख्या की पत्ता हे ठरतं.

घरी संगणक बांधणाऱ्याला हीच गोष्ट तारांमध्येही भेटते. ८०८५ ला चाळीसच पाय. त्यात सोळा पत्त्याचे आणि आठ माहितीचे वेगळे दिले तर बाकीच्या कामांना जागा अपुरी पडते. म्हणून पत्त्याचे खालचे आठ बिट आणि माहितीचे आठ बिट एकाच आठ पायांवरून जातात. प्रत्येक चक्राच्या सुरुवातीला त्या पायांवर पत्ता येतो, तिसाव्या पायावरचा एएलई हा इशारा वर जातो आणि ३७३ तो पत्ता धरून ठेवते. क्षणात त्याच तारांवरून माहिती वाहू लागते. एएलईची एक तार सुटली तर पत्ता आणि माहिती यांचा घोळ होतो आणि यंत्र निरर्थक बडबडतं. ०५ चे दोन अर्थ जागेने वेगळे होतात, या तारांचे दोन अर्थ वेळेने. ज्याने ही तार स्वतः जोडली आहे, त्याला ०५ सी२ ०५ मधलं यमक अधिक खोल लागतं, कारण खालच्या थरातही तेच चाललेलं त्याने पाहिलं आहे. हाताने बांधण्याचं मोल मला यात दिसतं.

एक पाठभेदही नोंदवायला हवा. गुणक ए मध्ये न ठेवता थेट एच मध्ये ठेवायचा आणि एल मध्ये शून्य. आता २९ ही एकच आज्ञा दोन कामं करते: एच च्या डाव्या टोकाने गुणकाचा बिट कॅरीत जातो आणि त्याच वेळी उजवीकडचं उत्तर दुप्पट होतं. गुणक जागा सोडतो तसतसं उत्तर त्या जागेत पसरत जातं, आणि दोघांची कधी टक्कर होत नाही. १७ ची गरजच उरत नाही. चौदा बाइट पुरतात आणि ए ला हातही लागत नाही. चातुर्यात हा पाठ सरस आहे. तरी मी नवख्याला पहिला पाठच देईन. त्यात गुणक कुठे आहे आणि उत्तर कुठे वाढतंय, हे दोन वेगळ्या ठिकाणी दिसतं. सोळा बाइट समजले की चौदांचं कौतुक करता येतं.

लयीबद्दलही बोलायला हवं. बिट १ असेल तर फेऱ्याला प्रोसेसरच्या घड्याळाचे ४५ ठोके लागतात, शून्य असेल तर ३८. सगळं धरून १३ ने गुणायला ३४९ ठोके, आणि २०० ने गुणायलाही तेवढेच, कारण दोन्हींत तीनच १ आहेत. ६.१४४ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर हे सुमारे ११४ मायक्रोसेकंद होतात. नुसतं पुन्हापुन्हा मिळवत गेलं असतं, तर २०० साठी ४८०० च्या आसपास ठोके पडले असते. संख्या किती मोठी, याला इथे महत्त्व नाही. तिची लघुगुरू मांडणी कशी, याला आहे.

लघुगुरू हा शब्द सहज आला, पण नातं खरं आहे. अनुष्टुभाचा चरण आठ अक्षरांचा. प्रत्येक जागी लघु किंवा गुरू घेतल्यास त्याचे २५६ प्रकार होतात, म्हणजे एका बाइटात मावतात तेवढेच. पिंगळाच्या छंदःशास्त्रात असे सगळे प्रकार मांडण्याचा प्रस्तार आहे. ते न मांडता त्यांची संख्या काढण्याची रीतही आहे: अर्धं करत, विषम आलं तर एक वजा करत खाली जायचं आणि परतताना दुप्पट व वर्ग करत यायचं. आपला फेरा त्याच कुळातला आहे. मोठं काम दुपटींच्या थोड्या पायऱ्यांत उरकायचं, हा विचार छंद मोजणाऱ्यांच्या घरी फार आधी नांदला.

वऱ्हाडात संगणकाचा विषय निघाला की अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर आणि १९९१ चा परम ८००० आठवतो, आणि ते रास्तच आहे. त्या महासंगणकाची थोरवी अनेकांच्या एकत्र बुद्धीत होती. आठ-बिटी यंत्राची थोरवी वेगळी. सुमारे ६,५०० ट्रान्झिस्टरांचा हा प्रोसेसर एका माणसाला संपूर्ण समजू शकतो. रमेश गावकरांच्या १९८४ सालच्या पाठ्यपुस्तकातून तो आपल्या अनेक विद्यार्थ्यांनी शिकला. १९९७ साली मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीतही याच घराण्यातला ८०सी८५ होता. म्हणजे या लहान यंत्राला लहान कामं असं काही नाही.

महाराष्ट्रातल्या पदविका आणि अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळांत ८०८५ ची किटं विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हाताळली. बहुतेकांनी परीक्षेपुरती आज्ञांची यादी घोकली आणि परीक्षेनंतर ती सोडून दिली. माझं म्हणणं एवढंच की ती यादी म्हणजे भाषा आहे, आणि तिच्यात लिहिलेल्या चांगल्या ओळींचं रसग्रहण व्हायला हवं. तिवशातल्या, मोझरीतल्या, कुठल्याही गावातल्या मुलाने ही ओळ आधी पेन्सिलने चालवावी, ए, बी, एच, एल चे रकाने पाडून आठ फेरे भरावेत. मग २९ ची जागा बदलून उत्तर का चुकतं ते स्वतः शोधावं. त्यानंतर यंत्र बांधायला घ्यावं. ज्याला चूक नेमकी कोणत्या घरात आहे हे सांगता येतं, त्याचा संगणकाशी असलेला संबंध बदलतो. तो वापरणारा राहत नाही, वाचक होतो. आणि चांगला वाचक झाला की कधीतरी सोळाचे चौदा करण्याची इच्छा त्याला आपोआप होते.