आज्ञा आणि विवेक : पंडिता रमाबाईंची पत्रे

पंडिता रमाबाई व वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांचा इंग्रजी पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली, अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखाली, प्रसिद्ध केला. आध्यात्मिक स्वातंत्र्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक धर्मसेवकाने तो वाचावा, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. पुढे त्रैक्य, अथनेशियसचा मतांगीकार व मंडळीचा अधिकार यांविषयी त्यांनी निर्भयपणे शंका मांडल्या. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द का नसावेत, असेही विचारले. भगिनींना यात अहंकार दिसला. आजच्या पुष्कळ वाचकांना बंड दिसते. आमच्या मते दोन्ही निदाने अपुरी आहेत. बंडखोर नाते तोडतो. रमाबाई उत्तर देत राहतात आणि शास्त्राचा आधार मागतात. त्यांचा विवेक मोकाट नाही. तो ख्रिस्ताच्या अंकित आहे, आणि म्हणूनच मनुष्याच्या अंकित होत नाही.

भगिनींची चिंताही निराधार नव्हती. सिद्धान्त म्हणजे ज्याच्या त्याच्या आवडीची निवड नव्हे. शिवाय आपल्याविरुद्ध जाणारी पत्रेही त्यांनी स्वतः जतन करून संग्रहित केली, हा त्यांचा मोठेपणा होय. त्यांची चूक एवढीच, की जेथे उत्तर द्यावयाचे तेथे त्यांनी आज्ञापालन मागितले.

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वातंत्र्याची कसोटी प्रीतीने केलेली सेवा ही आहे. दुष्काळातील निराधार मुली व विधवा यांना केडगावी आश्रय देणाऱ्या ‘मुक्ती’ने त्या कसोटीस उत्तर दिले. बाप्तिस्म्याच्या उमेदवाराचा प्रश्न उद्धटपणा म्हणून दडपण्यापूर्वी आपण ही पत्रे स्मरावीत.