कोणते मल्हारराव?

मल्हाररावांनी इंदूरला राजधानी केली, अशा अर्थाचे वाक्य इंदूरविषयीच्या लेखांत, स्मरणिकांत आणि पर्यटकांसाठीच्या माहितीत हमखास भेटते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच सुभेदार उभे राहतात. पण सुभेदार मल्हारराव १७६६ मध्ये आलमपूरला वारले. त्यांच्यानंतर अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चालला, पुढे यशवंतरावांचा मुक्काम भानपुऱ्याला पडला. होळकरांची राजधानी म्हणून इंदूर कायम झाले ते १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर. त्या वेळी गादीवर होते तेही मल्हाररावच. मात्र ते यशवंतरावांचे पुत्र, वयाने अकरा-बारा वर्षांचे. खरा कारभार पाहत होते तात्या जोग. म्हणजे एका नावामुळे सुभेदारांना न केलेल्या गोष्टीचे श्रेय मिळते, आणि पराभवानंतर मोडलेली घडी पुन्हा बसवणारे तात्या जोग गोष्टीतून बाहेर पडतात.

अशा चुकांवर आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे नावापुढे 'पहिले', 'दुसरे', 'तिसरे' लावणे. हा उपाय पुरेसा नाही, आणि कधी कधी त्यानेच घोटाळा वाढतो, असे माझे म्हणणे आहे.

आता याच मल्हाररावांचे बघा. काही याद्यांत ते 'दुसरे' आहेत, काहींत 'तिसरे'. कारण मध्ये आणखी एक मल्हारराव येतात: तुकोजी होळकरांचे पुत्र, यशवंतरावांचे भाऊ. १७९७ मध्ये तुकोजी वारल्यावर वारसाहक्काचा तंटा लागला आणि दौलतराव शिंद्यांच्या फौजेने पुण्यात त्यांच्यावर छापा घातला, त्यात ते मारले गेले. त्यांना गादीवर बसलेले धरायचे की नाही, यावर पुढचा आकडा ठरतो. एका लेखकाने एका यादीतून आकडा उचलला, दुसऱ्याने दुसऱ्या यादीतून, की 'मल्हारराव दुसरे' म्हणून दोन वेगळी माणसे तयार! नुसता आकडा वाचून महिदपूरच्या लढाईचे मल्हारराव कोणते आणि पुण्यात पडलेले कोणते, हे कळायला मार्ग उरत नाही.

मुळात हे आकडे त्या माणसांचे नव्हेतच. सहसा कोणी राजा स्वतःला 'पहिला' म्हणवून घेत नाही. पुढे दुसरा झाला की मगच बहुधा मागचा पहिला ठरतो. आपल्या दप्तरांची रीत निराळी होती. पेशव्यांच्या कागदांत बापाचे नाव लागते: बाजीराव बल्लाळ आणि बाजीराव रघुनाथ, माधवराव बल्लाळ आणि माधवराव नारायण. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन, आणि नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव. दोघेही 'नाना', दोघेही 'बाळाजी', तरी कारकुनाची गफलत होत नसे. आपण ती सोय सोडली आणि यादीतला आकडा घेतला.

बापाचे नाव लावले की सगळे सुटले, असेही नाही. नातवाला आजोबांचे नाव ठेवायच्या चालीने नावे फिरून फिरून येतात, आणि कधी बाप-लेकाची जोडीच्या जोडी परत येते. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये पडलेले अहिल्याबाईंचे पती म्हणजे मल्हाररावांचे पुत्र खंडेराव. पुण्यात मारल्या गेलेल्या मल्हाररावांच्या मागे राहिलेले तान्हे मूल, ज्याच्या नावाने यशवंतरावांनी आरंभी कारभार केला, तेही मल्हाररावांचे पुत्र खंडेराव. लेकशी झुंजलेले, १८११ मध्ये भानपुऱ्याला वारलेले यशवंतराव तुकोजींचे पुत्र; आणि १९२६ मध्ये गादीवर आलेले, एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग बांधून घेणारे यशवंतरावही तुकोजीरावांचेच पुत्र. मधे सव्वाशे वर्षे आणि अख्खे एक जग. इथे नाव आणि बाप दोन्ही कामाला येत नाहीत. साल आणि गाव सांगावेच लागते.

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? संदर्भावरून समजते की. छापलेल्या पुस्तकात समजत असेलही, पण जुन्या कागदात तसे नाही. मोडी पत्रांवर पुष्कळदा 'छ' लिहून चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना असतो, आणि साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच असायचे. आज ते साल ठरवायचे कशावरून? मजकुरातल्या नावांवरून. पत्रात 'श्रीमंत माधवराव' आले, तर थेऊरला नोव्हेंबर १७७२ मध्ये वारलेले पेशवे की एप्रिल १७७४ मध्ये जन्मलेले सवाई माधवराव? या दोन तारखांच्या मधल्या सुमारे सतरा महिन्यांत या नावाचा पेशवा अस्तित्वातच नव्हता. 'सवाई' शब्द दिसला म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण जयपूरचे राजेही सवाई, आणि त्यांच्यात एक माधोसिंह याच काळातले, १७६८ मध्ये वारलेले. महादजी शिंद्यांनाही माधवराव म्हणून लिहिलेले आढळते. माणूस चुकला की साल चुकते, साल चुकले की त्या पत्रावर उभी केलेली मोहीम, तह, वर्षासन, सगळे वीस-पंचवीस वर्षे सरकते. आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या घरी अशी रुमाले आहेत. म्हणून हा प्रश्न फक्त विद्यापीठांतल्या लोकांचा नाही, आपलाही आहे.

आकड्यांवरचा माझा मोठा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे. आकडा लावला की नाव आपोआप, वंशपरंपरेने आल्यासारखे वाटते. पुष्कळदा ते मुद्दाम दिलेले असते. ग्वाल्हेरला दौलतराव १८२७ मध्ये निपुत्रिक वारले. बायजाबाईंनी मुकुटराव नावाचा मुलगा दत्तक घेतला आणि तो जनकोजीराव झाला. जनकोजी म्हणजे पानिपतानंतर मारला गेलेला तरुण शिंदे. हे जनकोजीरावही १८४३ मध्ये निपुत्रिक वारले. ताराबाईंनी भागीरथराव दत्तक घेतला, तो जयाजीराव झाला. जयाप्पा म्हणजे नागोरला १७५५ मध्ये मारले गेलेले, पहिल्या जनकोजीचे वडील. दोन दत्तकविधानांत पानिपतच्या पिढीतले बाप-लेक पुन्हा गादीवर आले. वडोदऱ्याला मल्हारराव गायकवाडांना १८७५ मध्ये पदच्युत केल्यावर जमनाबाईंनी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला, तो सयाजीराव झाला. कोल्हापूरला कागलकर घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये शाहू झाला.

यातला प्रत्येक मुलगा दुसऱ्या घरातून आलेला, आणि प्रत्येक वेळी निवड इंग्रज सरकारच्या डोळ्यांदेखत झालेली. अशा वेळी पूर्वजाचे नाव देणे म्हणजे हे घर तेच आहे, धागा तुटलेला नाही, असे जाहीर करणे होते. 'सयाजीराव तिसरे' लिहिले की ही सगळी हकीकत एका आकड्याखाली पुरली जाते. 'कवळाण्याचे गोपाळराव, दत्तकविधानानंतर सयाजीराव' असे एकदा लिहिले की वाचक तिथेच थबकतो आणि विचारतो, का बरे? इतिहास त्या 'का'पासून सुरू होतो.

सारख्या नावांचा तोटा नेहमी लहान माणसाला होतो, हेही ध्यानात घ्यावे. प्रसिद्ध माणूस दुसऱ्याचे श्रेय सहज ओढून घेतो. पुण्यात मारले गेलेले मल्हारराव, ते तान्हे खंडेराव, मुकुटरावाचे जनकोजीराव, यांच्या वाट्याला आधीच चार ओळी. त्याही थोरल्या नावाच्या खात्यावर जमा होतात.

तेव्हा आपल्या लेखांपुरती एक रीत पाळता येईल. पहिल्या उल्लेखात बापाचे नाव, जन्म-मृत्यूची किंवा राज्यकाळाची साले, आणि दत्तक असल्यास मूळ नाव व गाव द्यावे. आकडा हवाच असेल तर त्यानंतर. सूचीत एका नावाखाली दोन माणसे घालू नयेत. आणि कागदातले 'माधवराव' कोणते हे ठरत नसेल, तर तसे स्पष्ट लिहून जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा पुढचा कोणी भरून काढील. चुकीच्या माणसाने भरलेली जागा मात्र पुन्हा तपासायला कोणी सहसा जात नाही.

वाक्य लांबेल, कबूल. 'मल्हाररावांनी इंदूरला राजधानी केली' याऐवजी लिहावे लागेल: यशवंतरावपुत्र मल्हारराव अल्पवयीन असताना, १८१८ मध्ये, तात्या जोगांच्या कारभारात इंदूर राजधानी झाले. सात-आठ शब्द जास्त. पण त्यात एक पराभव आहे, एक पोरवयाचा राजा आहे, एक कारभारी आहे आणि एका शहराचे नशीब आहे. तेवढ्यासाठी एक ओळ जास्त छापायला हरकत नसावी.